श्री संत ज्ञानेश्वर महाराज : जीवनचरित्र आणि क्षमाधर्म

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील श्रीक्षेत्र नेवासे हे प्रवरा नदीच्या तीरावर वसलेले अतिप्राचीन पुण्यस्थान आहे. महालय आणि निधिवास या नावांनी ते पूर्वीपासून प्रसिद्ध होते. मोहिनीराजाचे हे क्षेत्र. याच भूमीत शके १२१२ (इ. स. १२९०) मध्ये श्री ज्ञानेश्वर महाराजांनी श्रीमद्भगवद्गीतेवरील आपले भाष्य पूर्ण केले आणि मराठी भाषेला ज्ञानेश्वरीचे अमृत लाभले. ज्या खांबाला टेकून महाराजांनी हे निरूपण केले असे परंपरा सांगते, तो पैसाचा खांब आजही भाविकांना दर्शन देत उभा आहे.

या खांबासमोर हात जोडताना प्रत्येक भाविकाने एक गोष्ट ध्यानी घ्यावी. नेवाशास आले तेव्हा महाराज अवघे कुमारवयाचे होते. आईवडिलांचे छत्र हरपले होते. ज्यांनी आधार द्यावा त्यांनीच दारे लावून घेतली होती. अशा मुलाच्या मुखातून सुमारे नऊ हजार ओव्या प्रकटल्या आणि त्यांत आपणांस छळणाऱ्यांविषयी तक्रारीचा एकही शब्द आला नाही. ही क्षमा त्यांच्या ठायी कशी आली, हे त्यांच्या चरित्रातून समजून घ्यावयाचे आहे.

कुलवृत्तांत

ज्ञानेश्वर महाराजांचे घराणे गोदावरीच्या उत्तर तीरावरील, पैठणजवळच्या आपेगावचे. कुळकर्णीपण त्यांच्या घराण्यात होते. आजोबा गोविंदपंत व आजी निराबाई हे दोघेही सत्शील व भगवद्भक्त होते. त्यांचे पुत्र विठ्ठलपंत लहानपणापासून विरक्त वृत्तीचे होते. तीर्थयात्रा करीत ते आळंदीस आले असता तेथील कुळकर्णी सिधोपंत यांनी त्यांची विद्वत्ता व आचरण पाहून आपली कन्या रुक्मिणी त्यांना दिली.

विवाह झाला तरी विठ्ठलपंतांचे मन प्रपंचात रमेना. पुढे त्यांनी काशीस जाऊन संन्यास घेतला. तरुण पत्नी घरी आहे, हे त्यांनी गुरूंना कळविले नाही. रुक्मिणीबाईंवर आकाश कोसळले. परंतु त्या साध्वीने पतीची निंदा केली नाही, की माहेरच्या अंगणात बसून दैवाला बोल लावला नाही. आळंदीच्या सिद्धेश्वरासमोरील सुवर्णपिंपळाला प्रदक्षिणा घालीत त्यांनी दीर्घकाळ तपाचरण केले. मुलांनी जो क्षमाधर्म पुढे जगाला शिकविला, त्याचा पहिला पाठ आईच्या या मूक तपश्चर्येत होता.

काही वर्षांनी विठ्ठलपंतांचे गुरू दक्षिणेच्या यात्रेस निघाले असता आळंदीस मुक्कामी आले. नमस्कार करणाऱ्या रुक्मिणीबाईंना त्यांनी पुत्रवती होण्याचा आशीर्वाद दिला आणि मग सर्व हकीकत त्यांना समजली. काशीस परत जाऊन त्यांनी विठ्ठलपंतांना गृहस्थाश्रम स्वीकारण्याची आज्ञा केली. गुरूंची आज्ञा शिरसावंद्य मानून विठ्ठलपंत आळंदीस परतले.

चार भावंडे आणि बहिष्कार

परंपरेने मानलेल्या काळाप्रमाणे शके ११९५ मध्ये निवृत्तिनाथ, शके ११९७ (इ. स. १२७५) च्या श्रावण वद्य अष्टमीस ज्ञानदेव, शके ११९९ मध्ये सोपानदेव आणि शके १२०१ मध्ये मुक्ताबाई अशी चार दिव्य अपत्ये या दांपत्यास झाली. वारकरी भाविक या भावंडांना अनुक्रमे शिव, विष्णु, ब्रह्मदेव आणि आदिमाया यांचे अवतार मानतात.

संन्यासाश्रमातून पुन्हा संसारात येणे त्या काळच्या धर्मशास्त्राला मान्य नव्हते. आळंदीच्या ब्रह्मवृंदाने या कुटुंबास वाळीत टाकले. भिक्षा मिळणेही अवघड झाले. अशा दिवसांत एकदा त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करीत असता निवृत्तिनाथ वाट चुकून एका गुहेत शिरले. तेथे त्यांना नाथपंथीय योगी श्री गहिनीनाथांचे दर्शन घडले व अनुग्रह प्राप्त झाला. तोच कृपाप्रसाद निवृत्तिनाथांनी धाकट्या बंधूस दिला. म्हणून ज्ञानदेवांना निवृत्तिनाथ हे केवळ ज्येष्ठ बंधू नव्हते; ते त्यांचे सद्गुरू होते.

मुलांच्या मुंजीचा प्रश्न उभा राहिला तेव्हा विठ्ठलपंतांनी ब्रह्मवृंदाकडे प्रायश्चित्ताची याचना केली. या दोषास देहान्ताशिवाय दुसरे प्रायश्चित्त नाही, असा निर्णय मिळाला. आपल्या मृत्यूने तरी मुलांचा मार्ग मोकळा होईल, या एकाच आशेने विठ्ठलपंत व रुक्मिणीबाई यांनी चिमुकल्या लेकरांना मागे ठेवून जलसमाधी घेतली.

मातापित्यांनी प्राण देऊनही मुलांना कोणी आपले म्हटले नाही. मुंजीसाठी ती पुन्हा ब्रह्मवृंदापुढे उभी राहिली, तेव्हा पैठणच्या धर्मपीठाकडून शुद्धिपत्र आणावे, असे त्यांना सांगण्यात आले. ज्या विश्वासावर आईवडिलांनी देह ठेवला, तो विश्वासच असा मोडला. कोणाच्याही मनात सूडाची ठिणगी पडावी, असा हा प्रसंग होता.

पैठणची वाट

त्या वेळी भावंडांत झालेला विचारविनिमय परंपरेने जपून ठेवला आहे. आत्मस्वरूपाला जात नाही, कुळ नाही, मग शुद्धिपत्र हवेच कशाला, असे निवृत्तिनाथांचे मत होते. भक्तीला जातीची अट नाही, असा सोपानदेवांचा विचार होता. दोघांचेही म्हणणे खरे होते. ज्ञानदेवांनी मात्र वेगळा विचार मांडला. ज्ञानी पुरुषानेही लोकमर्यादा सांभाळावी. आपण ती मोडली तर सामान्य जन त्याचेच अनुकरण करतील, म्हणून अन्याय झाला असला तरी पैठणास जावे, असे त्यांनी सुचविले. गुरुबंधूंनी ते मानले आणि चार अनाथ भावंडे पायी पैठणास निघाली.

पैठणच्या विद्वानांनी ग्रंथ चाळले. पण संन्याशाच्या मुलांना शुद्ध करून घेण्याचा मार्ग त्यांना आढळला नाही. त्यांनी आज्ञा केली, की या मुलांनी ब्रह्मचर्याने राहावे, अनन्यभावाने हरिभक्ती करावी आणि गाय, श्वान, गाढव अशा सर्व प्राणिमात्रांत ईश्वर पाहून सर्वांना वंदन करावे. दुसऱ्या कोणास ही आज्ञा अपमानाची वाटली असती. भावंडांनी ती आनंदाने मस्तकी धरली, कारण सर्वांभूती भगवंत पाहणे हेच तर त्यांचे साधन होते. अंतःकरण नम्र असेल तर शिक्षाही साधना कशी होते, याचे हे मोठे उदाहरण आहे.

याच ठिकाणी प्रसिद्ध रेड्याचा प्रसंग घडला, असे भाविक मानतात. ज्ञानदेव या नावाची थट्टा करीत कोणी एकाने समोरून चाललेल्या रेड्याकडे बोट दाखविले. त्या रेड्यातही तोच आत्मा आहे, असे ज्ञानदेवांनी शांतपणे सांगितले. रेड्याच्या पाठीवर फटके मारले गेले आणि त्यांचे वळ ज्ञानदेवांच्या अंगावर उठले. पुढे त्यांनी रेड्याच्या मस्तकी हात ठेवताच त्याच्या मुखातून वेदध्वनी उमटला, अशी कथा आहे. या कथेतील वेदध्वनी सर्वांच्या स्मरणात राहतो. परंतु त्याआधी उमटलेले वळही स्मरणात ठेवण्यासारखे आहेत. दुसऱ्याचे दुःख आपल्या अंगावर घेणे हेच संतांचे खरे सामर्थ्य होय.

नेवाशास आगमन व ज्ञानेश्वरी

पैठणहून परतताना भावंडे प्रवरातीरी नेवाशास आली. परंपरा सांगते, की त्याच वेळी तेथील सच्चिदानंदबाबा मृत झाल्याने त्यांची अंत्ययात्रा चालली होती व त्यांची पत्नी सती जाण्यास निघाली होती. मृताचे नाव ऐकून ज्ञानदेवांनी, जो सत्, चित् आणि आनंद आहे त्यास मरण कसे येईल, अशा अर्थाचे उद्गार काढले व त्यांच्या कृपादृष्टीने सच्चिदानंदबाबा उठून बसले. पुढे याच सच्चिदानंदबाबांनी ज्ञानेश्वरीचे लेखन केले. ग्रंथाच्या शेवटी त्यांचा लेखक म्हणून आदराने उल्लेख आहे. त्याच ठिकाणी महालय क्षेत्राचा, यादव राजा रामदेवरावाच्या राज्याचा आणि शके १२१२ या वर्षाचाही निर्देश आहे. त्यामुळे या क्षेत्राचे माहात्म्य खुद्द ग्रंथानेच नोंदविले आहे.

करवीरेश्वराच्या स्थानी, सद्गुरू निवृत्तिनाथांना समोर बसवून ज्ञानदेवांनी गीतेच्या १८ अध्यायांतील ७०० श्लोकांचे निरूपण केले. भावार्थदीपिका असे या ग्रंथाचे मूळ नाव. संस्कृत न जाणणाऱ्या बायाबापड्यांना, शेतकऱ्यांना, कष्टकऱ्यांना गीतेचे दार उघडावे, हा त्यामागील हेतू होता. ज्या समाजाने त्यांना दाराबाहेर ठेवले, त्याच समाजातील प्रत्येकासाठी त्यांनी ज्ञानाचे दार उघडले.

ज्ञानेश्वरीत ठायी ठायी महाराजांची विनम्रता दिसते. श्रोत्यांपुढे ते स्वतःस लहान लेकरू म्हणवितात, आपल्या बोबड्या बोलांबद्दल क्षमा मागतात आणि जे काही साधले ते सारे निवृत्तिनाथांच्या कृपेचे म्हणून सांगतात. बाराव्या अध्यायात, कोणाही भूतमात्राचा द्वेष न करणाऱ्या भक्ताचे वर्णन ते मायेने करतात. तेराव्या अध्यायात अमानित्व, अदंभित्व, अहिंसा, क्षांती हे ज्ञानाचे गुण उलगडताना त्यांची वाणी थांबतच नाही. मान नको वाटणे, आपल्या चालण्याबोलण्याने किड्यामुंगीसही इजा न होऊ देणे, अपमान झाला तरी मन न ढळू देणे, या गोष्टी ते इतक्या बारकाव्याने सांगतात, की ऐकणाऱ्यास हे अनुभवाचे बोल आहेत याची खूण पटते.

सोळाव्या अध्यायात दैवी व आसुरी संपत्तीचे विवेचन आहे. अभय, चित्तशुद्धी, सत्य, अक्रोध, दया, मृदुता, क्षमा, धैर्य, निरभिमानता इत्यादी २६ गुणांना गीता दैवी संपत्ती म्हणते. दंभ, दर्प, क्रोध, कठोरता ही आसुरी संपत्ती. आसुरी वृत्तीचे रूप महाराजांनी स्वतःच्या आयुष्यात जवळून पाहिले होते. तरी त्या वर्णनात त्यांनी कोणा व्यक्तीकडे वा गावाकडे बोट दाखविले नाही. दोष सांगितले ते श्रोत्याने आपल्या अंतःकरणात शोधावेत म्हणून.

ग्रंथाची सांगता पसायदानाने होते. इतक्या मोठ्या वाग्यज्ञाचे फळ म्हणून विश्वात्मक देवाकडे काय मागावे, तर दुष्टांच्या मनाचा वाकडेपणा जावा, त्यांना सत्कर्माची आवड लागावी आणि जीवांत परस्पर मैत्री नांदावी! दुष्टांचा नाश त्यांनी मागितला नाही. स्वतःसाठी शुद्धिपत्र, मान किंवा न्यायही मागितला नाही. आईवडिलांना मुकलेल्या मुलाने सर्वांच्या सुखासाठी केलेली ही प्रार्थना आज मंदिरांतून, शाळांतून आणि घरोघरी म्हटली जाते.

यानंतर सद्गुरूंच्या आज्ञेवरून महाराजांनी अमृतानुभव हा स्वतंत्र ग्रंथ रचला. तोही नेवाशासच झाला, अशी श्रद्धा आहे. पुढे आळंदीच्या वाटेवर जुन्नर तालुक्यातील आळे येथे त्या रेड्याने देह ठेवला. तेथे त्याची समाधी असून भाविक तिचे दर्शन घेतात.

ताटी आणि मांडे

लोकांना क्षमा शिकविणाऱ्या ज्ञानदेवांचेही मन एकदा दुखावले होते, ही गोष्ट वारकरी संप्रदायाने लपविली नाही. उलट ती प्रेमाने जपली. भिक्षेसाठी गेले असता झालेल्या अपमानाने व्यथित होऊन त्यांनी झोपडीची ताटी लावून घेतली व ते आत बसून राहिले. तेव्हा धाकट्या मुक्ताबाईने दाराशी उभे राहून त्यांची समजूत घातली. तिचे ते ताटीचे अभंग प्रसिद्ध आहेत. लोक रागावले तर साधूनेही रागवावे काय, आपल्याच एका अवयवाने दुसऱ्या अवयवास दुखविले तर कोणावर कोपावे, असा त्या बोधाचा आशय आहे. ज्ञानदेवांनी ताटी उघडली. थोर ज्ञानी बंधूने लहान बहिणीचा उपदेश ऐकला, यातच त्यांच्या विनयाचे दर्शन घडते. दैवी गुण अंगी बाणण्यास सत्संग लागतो आणि तो कधी घरातल्या सर्वांत लहान मुखातूनही मिळतो.

दुसरा प्रसंग विसोबांचा. आळंदीतील विसोबा या भावंडांचा फार द्वेष करीत. मुक्ताबाईंना मांडे भाजण्यासाठी खापर हवे होते. विसोबांनी गावातील कुंभारांना ते देऊ दिले नाही. रिकाम्या हाताने परतलेल्या बहिणीचे डोळे पाहून ज्ञानदेवांनी योगबलाने आपली पाठ तापविली व मुक्ताबाईंनी तिच्यावर मांडे भाजले, अशी कथा आहे. दडून पाहणाऱ्या विसोबांचा अभिमान गळून पडला. त्यांनी भावंडांचे पाय धरले. भावंडांनी त्यांना जुने काही सुनावले नाही. आपलेसे करून घेतले. तेच विसोबा खेचर या नावाने पुढे संत नामदेवांचे गुरू झाले. छळणाऱ्याचे साधूत रूपांतर झाले ते या क्षमेमुळे. दुष्टाचा वाकडेपणा जावा, ही पसायदानातील मागणी त्यांच्या अंगणातच अशी फळास आली.

योगसामर्थ्याचा अभिमान बाळगणारे चांगदेवही असेच नम्र झाले. ज्ञानदेवांना काय संबोधावे हे न कळल्याने त्यांनी कोरेच पत्र पाठविले. उत्तरादाखल ज्ञानदेवांनी ६५ ओव्यांचा उपदेश लिहिला. तोच चांगदेवपासष्टी हा ग्रंथ. वाघावर बसून भेटीस आलेल्या चांगदेवांना भावंडे निर्जीव भिंत चालवीत सामोरी गेली, अशी आख्यायिका आहे. पुढे मुक्ताबाईंनी चांगदेवांना उपदेश केला. गोदावरीकाठी पुणतांबे येथे चांगदेवांची समाधी असून ते स्थानही याच जिल्ह्यात आहे.

तीर्थयात्रा व संजीवन समाधी

यानंतर ज्ञानदेवांनी संत नामदेव व इतर संतांसह तीर्थयात्रा केली. नामदेव जातीने शिंपी. त्या यात्रेत त्यांचे व ज्ञानदेवांचे जडलेले सख्य वारकरी संप्रदायाचा भक्कम पाया ठरले. कुळाच्या अभिमानाने ज्यांना दूर लोटले होते, त्यांनीच सर्व जातींच्या भक्तांना पंढरीच्या वाळवंटात एकत्र आणले.

अवतारकार्य संपल्यावर शके १२१८ (इ. स. १२९६) च्या कार्तिक वद्य त्रयोदशीस आळंदी येथे, सिद्धेश्वराच्या सान्निध्यात, ज्ञानेश्वर महाराजांनी संजीवन समाधी घेतली. त्या वेळी त्यांचे वय २१ वर्षांचे होते. ज्या आळंदीने त्यांना वाळीत टाकले, तीच भूमी त्यांनी अखेरच्या विसाव्यासाठी निवडली. लवकरच सोपानदेव सासवडला, मुक्ताबाई तापीतीरी आणि निवृत्तिनाथ त्र्यंबकेश्वरी स्वरूपी लीन झाले. ज्या गावात त्यांना कोणी भिक्षा घालीत नसे, ते गाव आज माउलींची आळंदी म्हणून ओळखले जाते आणि कार्तिकी यात्रेस तेथे लाखो भाविक जमतात.

सुमारे ३०० वर्षांनंतर, शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये, पैठणच्याच संत एकनाथ महाराजांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. ज्या पैठणात ज्ञानदेवांची शुद्धी नाकारली गेली, त्याच नगरीच्या सुपुत्राने त्यांच्या ग्रंथाची शुद्धी करून ऋण फेडले, असे म्हणता येईल. भाद्रपद वद्य षष्ठीस ज्ञानेश्वरी जयंती साजरी होते. या भावंडांच्या कथा घरोघरी पोहोचविणारे संतचरित्रकार महिपती हे राहुरी तालुक्यातील ताहराबादचे, त्यांचा भक्तविजय हा ग्रंथ शके १६८४ (इ. स. १७६२) मध्ये पूर्ण झाला.

श्रीक्षेत्र नेवासे दर्शन

पैसाच्या खांबावर प्राचीन कोरीव लेख असून त्यात करवीरेश्वराच्या अखंड दिव्याच्या तेलासाठी दिलेल्या दानाची नोंद आहे. कोणा दात्याने देवापुढचा दिवा तेवत राहावा म्हणून दान दिले आणि त्याच खांबाशी ज्ञानाचा दीप प्रज्वलित झाला, हा योग मोठा मंगल आहे. ह. भ. प. बन्सी महाराज तांबे यांच्या परिश्रमाने या खांबाभोवती मंदिर उभे राहिले. कामिका एकादशीस (आषाढ वद्य एकादशी) येथे मोठी यात्रा भरते. गावातील श्री मोहिनीराजाचे दर्शन आणि प्रवरा-गोदावरीच्या संगमावरील प्रवरासंगम येथील स्नानदर्शनही भाविक आवर्जून घेतात.

नेवाशास येणारा प्रत्येक भाविक काही ना काही दुःख घेऊन येतो. कोणास भावाने फसविलेले असते, कोणास मित्राने, कोणास ज्यांच्यासाठी आयुष्य वेचले त्या माणसांनी. त्याने घटकाभर या खांबासमोर शांत बसावे. सोळावा अध्याय वाचता आला तर वाचावा, न आल्यास पसायदान म्हणावे आणि ज्याने आपणांस दुखविले त्याचे नाव मनात आणून त्याच्या कल्याणासाठी माउलींच्या चरणी एक मागणे मागावे. हे प्रथम जड जाते. नामस्मरणाने व नित्य पाठाने हळूहळू साधते. दैवी संपत्ती हीच या क्षेत्राची खरी शिदोरी असून ती घेऊनच भाविकाने घरी परतावे.

॥ पुंडलिकवरदे हरि विठ्ठल । श्री ज्ञानदेव तुकाराम ॥